कसोटी आपल्याच माणसांपुढे

(पंडिता रमाबाईंच्या स्मृतिदिनी, ५ एप्रिल रोजी, व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९२२ सालच्या ५ एप्रिलला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी शेवटचा श्वास घेतला. त्याआधी जेमतेम नऊ महिने, जुलै १९२१ मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती. सगळी माणसं गमावलेली ही बाई त्या अखेरच्या दिवसांतही बायबलच्या आपल्या मराठी भाषांतराची मुद्रितं तपासत होती. अशा स्त्रीच्या स्मरणासाठी आपण जमलो आहोत आणि मला विषय दिला आहे तो असा : समाजाला न रुचणारी ख्रिस्ती श्रद्धा धरून ठेवायची, म्हणजे नेमकं काय करायचं?

या प्रश्नाचं एक सोपं उत्तर आपल्या मंडळ्यांमधून नेहमी ऐकू येतं. बाहेरचं जग विरोधात आहे, आपण घट्ट उभं राहायचं. हे उत्तर खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. बाहेरच्यांपुढे छाती काढून उभं राहायला कधी कधी फार थोडं धैर्य पुरतं, कारण पाठीशी आपली माणसं असतात आणि ती वाहवा करतात. रमाबाईंचं आयुष्य नीट वाचलं की दुसरीच गोष्ट दिसते. त्यांच्या निष्ठेची पहिली कसोटी आपल्याच माणसांपुढे लागली. ज्यांनी बाप्तिस्मा दिला, अन्न दिलं, आसरा दिला, त्यांच्यापुढे. तिथे ती टिकली, म्हणून पुढे पुण्यातही टिकली आणि सरकारपुढेही. आजचं माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ते रमाबाईंच्या आयुष्यातून आणि मग आपल्या आजच्या स्थितीतून मांडतो.

१

रमाबाईंवर त्यांच्या हयातीत एक आरोप झाला, आणि तो आजही गरीब ख्रिस्ती माणसावर होतो : पोटासाठी धर्म सोडला. म्हणून आधी पोटाचीच हकिकत सांगितली पाहिजे.

१८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला तो गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे रानात राहायला गेले, त्यालाही कारण होतं. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, आणि ते भोवतालच्या विद्वानांना खपलं नाही. अनंतशास्त्र्यांनी आपली बाजू शास्त्राधारे मांडली, पण बायकोचं शिक्षण थांबवलं नाही. लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवलं. लहान वयात रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत होते. हे कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी पायी चालत राहिले. भूक त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती, आणि त्या भुकेने त्यांना ख्रिस्ती केलं नाही.

उलट त्यानंतर मान मिळाला. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. पतीच्या घरच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचं बंगाली पुस्तक सापडलं. त्यातल्या मजकुराने मन ओढलं, पण पतीला ते आवडलं नाही. १८८२ मध्ये पटकीने पतीही गेला, आणि कडेवर लहानगी मनोरमा घेऊन चोविशीतली ही विधवा पुण्याला आली. इथे तिने आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली. पुण्याच्या सुधारकांना ती हवी होती. म्हणजे मान होता, माणसं होती, काम होतं. ज्या वेळी श्रद्धा बदलण्यात फायदा होता त्या वेळी त्यांनी ती बदलली नाही, आणि जेव्हा बदलली तेव्हा हातातलं होतं तेही गेलं.

इथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. रमाबाई उपाशी असताना ख्रिस्ती झाल्या नाहीत, एवढ्यावर त्यांची श्रद्धा खरी ठरत नाही. उपाशी माणसालाही अंतःकरण असतं. ज्याने भाकरी दिली त्याचा देव कसा आहे हे जाणून घ्यावंसं वाटणं, यात लाजिरवाणं काही नाही. गरिबाची श्रद्धा खोटी आणि पंडिताची खरी, असं मोजमाप आपण मान्य करता कामा नये. रमाबाईंनीही ते केलं नसतं.

२

मग त्यांना कशाने ओढलं? १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वैद्यकी शिकायला. वाँटेज इथल्या सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. तिथे समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी त्यांचं घर होतं. ज्या बायकांसाठी आपल्या शास्त्रांत केवळ शिक्षा होती, त्यांच्याशी या भगिनी आपुलकीने वागत होत्या. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाण्याला आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याजवळ बसून तिच्याशी देवाविषयी बोलणारा येशू. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं आहे की स्त्रियांना उचलून धरण्याचं सामर्थ्य त्यांना इथे दिसलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमाने वाँटेजला बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात वादळ उठलं. वृत्तपत्रांनी झोड उठवली. काल ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनी पाठ फिरवली. त्या काळात जाहीरपणे बाजू घेणारे थोडे होते, आणि त्यांत जोतीराव फुले होते. १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचं समर्थन केलं. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत, पण दुसऱ्याच्या सदसद्विवेकाचा अधिकार त्यांना कळत होता.

आता खऱ्या कसोटीकडे येऊ या. बाप्तिस्म्यानंतर लगेच रमाबाईंचा वाद सुरू झाला तो वाँटेजच्या भगिनींशीच, विशेषतः त्यांच्या धर्ममाता भगिनी जेराल्डीन यांच्याशी. या दोघींचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे, आणि श्रद्धेविषयी मराठी माणसाने केलेल्या लिखाणात त्याचं स्थान फार वरचं आहे. त्रैक्याचा सिद्धांत चर्चने मांडलाय तसा रमाबाईंना पटत नव्हता, आणि पटत नाही ते पटतं म्हणायला त्या तयार नव्हत्या. गळ्यात घालायच्या क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांना त्यांचा आक्षेप होता. लॅटिन कशाला, संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल. त्या शाकाहारी राहिल्या. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा जुना अहंकार दिसला. रमाबाईंनी उत्तर दिलं त्याचा आशय असा : मोठ्या कष्टाने मी आपल्या देशातल्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवली आहे, ती आता दुसऱ्या कुणाच्या जोखडात घालणार नाही. ख्रिस्त मानेन, पण त्याच्या नावाने कुणी माणूस माझ्या सदसद्विवेकावर हुकूम चालवील तर तो मानणार नाही.

चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवायच्या. कान अधू होत गेल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला होता. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोर इथल्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर अशा बाईचं नाव राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंना याचा संताप आला. ज्या देशात त्यांनी शेकडो पुरुषांच्या सभेत भाषणं केली होती, त्या देशाचं नाव पुढे करून हे बिशप त्यांना गप्प करायला निघाले होते.

मित्रहो, या बाईची स्थिती डोळ्यांपुढे आणा. परका देश, हाताशी पैसा नाही, लहान मूल, अधू होत चाललेले कान. स्वदेशाने टाकलेली, आणि राहायला जागा ज्यांनी दिली त्यांच्याशीच मतभेद. त्या वेळी एवढंच करायचं होतं, मान खाली घालायची आणि हो म्हणायचं. कुणी त्यांना भित्रं म्हटलं नसतं, उलट नम्र म्हणून कौतुक झालं असतं. त्यांनी ते केलं नाही. पण वाँटेज सोडून ख्रिस्ताकडे पाठही फिरवली नाही. वाद घालत, अभ्यास करत, प्रार्थना करत त्या श्रद्धेत आणखी खोल गेल्या. त्रैक्याविषयीच्या शंका हळूहळू मिटल्या, त्या स्वतःच्या वाचनाने आणि अनुभवाने मिटल्या, कुणाच्या दबावाने नाही. निष्ठा म्हणजे प्रश्न न विचारणं, असं आपल्या मुलांना शिकवणाऱ्यांनी हा पत्रव्यवहार वाचावा. ज्या श्रद्धेला प्रश्न विचारता येत नाही ती विरोधाच्या पहिल्या फटक्यात गळून पडते.

३

आता पुणं. १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, १८८७ मध्ये इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं आणि त्यातून मिळालेल्या सहानुभूतीवर बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, आणि १८९० मध्ये ते पुण्याला आलं. अट अशी की सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही, मुलींना आपापले आचार पाळायला मोकळीक राहील. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार झाली.

ते पुणं कसं होतं? त्याच १८९० साली पंचहौद मिशनच्या आवारात काही प्रतिष्ठित मंडळी सभेला गेली आणि तिथे चहा पुढे आला. त्यावरून एवढा गदारोळ माजला की वाद शंकराचार्यांपर्यंत पोचला आणि रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. जिथे मिशनच्या चहाने धर्म बुडत होता, तिथे ख्रिस्ती विधवेने चालवलेल्या घरात ब्राह्मण विधवा मुली राहत होत्या. त्यांच्या सोवळ्याओवळ्याची सोय होती, कुणाला बायबल वाचायची सक्ती नव्हती. पण रमाबाई स्वतः आपल्या खोलीत रोज प्रार्थना करत, आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. हाच मुद्दा झाला. ‘केसरी’ने कठोर टीका केली. दार बंद करा, मुलींना येऊ देऊ नका, असा आग्रह झाला. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, आणि आलेल्याला हाकलणारही नाही. हिंदू ग्रंथ वाचायला मोकळीक आहे, तशी इथे बसायलाही आहे. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रसंगाकडे आपण न्यायाने पाहिलं पाहिजे, कारण इथे दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं होती. रानड्यांची अडचण खरी होती. पालकांनी त्यांच्या शब्दावर मुली पाठवल्या होत्या. त्या मुली लहान होत्या, निराधार होत्या, आणि ज्या बाईच्या छत्राखाली राहायचं तिच्यासारखं व्हावंसं वाटणं हे स्वाभाविक होतं. आश्रयदात्याच्या हातात सत्ता असते, आणि त्या सत्तेचं भान ठेवणं ही ख्रिस्ती माणसाची जास्त मोठी जबाबदारी आहे. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला. त्याची चर्चा टाळून रमाबाईंचा गौरव करणं मला मान्य नाही.

तरीही त्या दाराच्या बाबतीत मी रमाबाईंच्या बाजूचा आहे. आपली श्रद्धा लपवण्याच्या अटीवर मिळालेला लोकांचा विश्वास त्यांना नको होता. प्रार्थनेची सक्ती करणं जितकं चूक, तितकंच चोरून प्रार्थना करणंही. आणि सदन खरोखर धर्मांतराचा कारखाना होता का, याचा पुरावा म्हणून पहिल्याच विद्यार्थिनीकडे पाहा. गोदूबाई जोशी. बालविधवा. शारदा सदनात शिकल्या, ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाची एक मोठी वाट शारदा सदनाच्या उंबऱ्यावरून गेलेली आहे.

या सगळ्यात रमाबाईंच्या हातून बरंच गेलं. माणसं गेली, नाव गेलं, आणि पुढची कित्येक दशकं सुधारणेच्या इतिहासात त्यांना पुरेशी जागा मिळाली नाही. वाँटेजला ‘तू पुरेशी ख्रिस्ती नाहीस’ म्हणून ऐकलेल्या बाईने पुण्यात ‘तू फार ख्रिस्ती आहेस’ हेही ऐकलं. दोन्हीकडे तिचं वागणं एकच होतं.

४

तिसरी कसोटी सरकारपुढची. ख्रिस्ती झाला तो इंग्रजांचा झाला, हा समज तेव्हाही होता आणि त्याची सावली अजून आपल्यावर आहे. १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या त्यांत रमाबाई होत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, आणि प्लेगच्या बंदोबस्तात बायकांशी जी वागणूक होत होती ती रमाबाईंनी पाहिली. त्यांच्याच सदनातल्या एका मुलीच्या बाबतीत जे घडलं त्याने त्या हादरल्या. त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती वृत्तपत्रात उघड पत्र लिहून सरकारी व्यवस्थेवर आरोप केले. मुंबई सरकारने ते नाकारले. रमाबाईंनी शब्द मागे घेतले नाहीत.

विचार करा, हे करण्याची त्यांना काय गरज होती? हिंदू समाज दुरावला होता. उरलेला आधार म्हणजे मिशन, गोरे मित्र आणि सरकारची मर्जी. तोही त्यांनी पणाला लावला, कारण अन्याय झालेली बाई त्यांच्या लेखी योहानाच्या चौथ्या अध्यायातल्या बाईपेक्षा वेगळी नव्हती. राज्यकर्त्यांचा आणि आपला धर्म एक, म्हणून राज्यकर्त्यांचा अन्याय झाकायचा, हे ज्या श्रद्धेला जमतं ती ख्रिस्ताशी निष्ठा नाही. ती बलवानाशी निष्ठा आहे.

याच वर्षांत मुक्ती सदन उभं राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी मुली आणि बायका आणल्या. केडगावची वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायका चालवत. आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन होतं, तिथे ब्रेल शिकवली जाई. आणि फुलहॅमला पाहिलं होतं तसं, टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन होतं. म्हणजे ज्या दृश्याने त्या ख्रिस्ती झाल्या, तेच त्यांनी आपल्या मातीत उभं केलं. लोकांना त्यांची श्रद्धा आवडो न आवडो, तिचं काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं तेही असंच : खेड्यातल्या, नुकती अक्षरं जुळवू लागलेल्या बाईला कळावं म्हणून साध्या मराठीत. संपूर्ण बायबल छापून झालं ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

५

रमाबाई एकट्या नव्हत्या. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला, घरादाराचा विरोध सोसला, आणि तीनच वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचं दुःख मराठी कादंबरीत आणलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाबतीत मला दोन गोष्टी जवळजवळ ठेवायच्या आहेत.

एक, त्यांच्या निष्ठेची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी मोजली. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना त्या वर्षांचा दाह माहीत आहे. पुढे त्या स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी ख्रिस्ती झाल्या. आपण श्रद्धेसाठी त्याग केला असं म्हणतो, तेव्हा आपल्या त्यागाचा मोठा भाग घरातलं दुसरंच कुणी भरत असतं. साक्ष देताना त्या माणसाचंही नाव घेतलं पाहिजे.

दुसरी, टिळकांची अखेरची वर्षं. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मराठी अभंगातून, मराठी रीतीने भजायचं, आणि त्यासाठी मिशनच्या पगारावर राहायचं नाही. हिंदू समाजाने त्यांना टाकलं तेव्हाचं धैर्य सगळे सांगतात. पण वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आजारी प्रकृतीत, आपल्याच मिशनच्या छायेतून बाहेर पडणं हे त्याच्याइतकंच मोठं धैर्य होतं. रमाबाईंच्या आणि टिळकांच्या वाटा वेगळ्या होत्या, पण दोघांची कसोटी एकाच ठिकाणी लागली.

६

आता आपल्या काळाकडे.

आज महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पंडितांच्या किंवा कवींच्या घराण्यातून आलेला नाही. अहिल्यानगर, जालना, बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या महार आणि मांग वस्त्यांमधून आजोबा-पणजोबांच्या काळात तो या श्रद्धेत आला. त्यांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत. त्यांच्या निष्ठेची किंमत मात्र कायद्याच्या कागदावर लिहिलेली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लीम आजही बाहेर आहेत. त्यामुळे घरात प्रभूभोजन घेणारा माणूस कागदावर दुसरा असतो. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी, नोकरीसाठी बाप्तिस्म्याचं नाव मागे ठेवावं लागतं.

या माणसांना दुटप्पी म्हणणारे लोक आपल्याच मंडळ्यांत मी पाहतो. ते बहुधा असे असतात की ज्यांना श्रद्धेपायी कधी काही सोडावं लागलेलं नाही. मी त्यांना विनंती करतो, आधी हे पाहा की मंडळीत आल्यावर त्या माणसाची जात गेली का? लग्न ठरवताना, मंडळीचे पदाधिकारी निवडताना आपण अजून जात पाहत असू, तर आपण त्याला निष्ठा शिकवायला अपात्र आहोत. कायदा त्याला सांगतो, तू ख्रिस्ती झालास म्हणजे तुझी जात गेली. मंडळी त्याला वागणुकीतून सांगते, तुझी जात गेलेली नाही. दोन्हीकडून तोच भरडला जातो. कायद्याविरुद्ध मोर्चे काढणं आपल्याला जमतं. मंडळीतल्या जातीविरुद्ध तोंड उघडणं जड जातं, कारण ती आपली माणसं आहेत.

हाच नियम दुसऱ्या गोष्टींना लावा. एखाद्या उपदेशकाने आजार बरा करण्याचा खोटा दावा केला, एखाद्या संस्थेत पैशाचा गैरव्यवहार झाला, एखाद्या धर्मगुरूने आपल्या अधिकाराचा दुरुपयोग केला, तर आपण काय करतो? बाहेर आधीच आपली बदनामी चालली आहे, आता आपणच बोललो तर विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल, असं म्हणून गप्प बसतो. १८९७ साली रमाबाईंनाही असाच विचार करता आला असता. अल्पसंख्य माणसाला एकजुटीची गरज असते हे मला कळतं. पण सत्य झाकून टिकवलेली एकजूट ख्रिस्ताच्या नावाने चालवता येत नाही.

आणि बाहेरच्या विरोधाचं काय? तो आहे. प्रार्थनेला जमलेल्या लोकांकडे संशयाने पाहिलं जातं, सेवेच्या प्रत्येक कामामागे डाव शोधला जातो. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलं आहे, आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हेही स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. या चौकटीत आपल्याला भिण्यासारखं काही नाही. कुणाला ओढून आणायचं नाही, आणि जो स्वतः येतो त्याला घालवायचं नाही, हे रमाबाईंनी उघड्या दाराने सांगितलं होतं. कायद्याचं संरक्षण मागणं हा आपला हक्क आहे, तो निर्भयपणे मागू या. ज्या महाराष्ट्राने १९५६ साली नागपुरात लाखो माणसांना आपल्या मनाने धर्म निवडताना पाहिलं, त्या महाराष्ट्राला श्रद्धेचं स्वातंत्र्य नव्याने शिकवायची गरज पडू नये.

तरुण मित्रमैत्रिणींना मला वेगळं सांगायचं आहे. तुमच्यापुढे शंकराचार्य नाहीत आणि बिशपही नाहीत. तुमच्यापुढे वसतिगृहातला मित्र आहे, कचेरीतला सहकारी आहे, आणि तो सहज विचारतो, तू अजून हे सगळं मानतोस? पेत्राची आठवण ठेवा. मुख्य याजकाच्या अंगणात, शेकोटीजवळ, एका दासीने विचारलं आणि तो घाबरला. सम्राटापुढे उभं राहायची वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर येते; त्या अंगणातली वेळ सगळ्यांवर येते. तिथे मोठं भाषण लागत नाही. हो, मी मानतो, आणि का मानतो ते ऐकायचं असेल तर सांगतो, एवढं पुरतं. पण ते ‘का’ तुमच्याजवळ असलं पाहिजे. त्यासाठी वाचा, प्रश्न विचारा, आपल्या पाळकांशी वाद घाला. रमाबाईंनी हेच केलं.

आणि या सभागृहातल्या ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना एक विनंती. जोतीराव फुले तुमचेही आहेत. दुसऱ्याची श्रद्धा पटत नसताना तिच्यासाठी उभं राहण्याची परंपरा त्यांनी तुम्हाला दिली आहे, ती चालवा. रमाबाईंचा धर्म बाजूला ठेवून त्यांचं कार्य तेवढं घेऊ नका. त्या कार्याचं मूळ फुलहॅमच्या घरात ऐकलेल्या त्या गोष्टीत आहे. ते मूळ तुम्ही मानायलाच हवं असं मुळीच नाही, पण ते कापून टाकलंत तर ती बाई तुम्हाला कळणार नाही.

निंदेच्या काळात श्रद्धा टिकवणं म्हणजे शत्रूंची यादी करत बसणं नाही. आपल्या घरात खरं बोलणं, आपल्या माणसांनी चूक केली तर त्यांना थांबवणं, आपल्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याकडून वसूल न करणं, आणि ज्यांना सगळ्यांनी टाकलं त्यांच्याजवळ जाऊन बसणं, हे करत गेलं की लोकप्रियतेचा प्रश्न आपोआप मागे पडतो. रमाबाईंना जिवंतपणी आपल्या माणसांकडून पुरता न्याय मिळाला नाही, तरी त्यांचं काम थांबलं नाही. आपलंही थांबायला नको. उद्या सकाळी आपल्या मंडळीत, आपल्या गावात जो कुणी एकटा पडला आहे त्याच्यापासून सुरुवात करा. तेवढं केलंत तर आजचं हे स्मरण सार्थकी लागेल.